पेपर बघायचा तास

“तू तिथं जायचं नाहीस,” जिनूदादा म्हणाले. कढईतला कांदा परतता परतता, माझ्याकडे न बघता. “सत्तेचाळीस म्हणजे सत्तेचाळीस. पेपर बघून काय वाढणारायत?”

“पन्नास हवे होते, दादा. तीनच तर कमी आहेत.”

“तेच सांगतोय की. तीननं गेलीस म्हणून कुणी तीन देत नसतंय.”

मार्चमधली दुपार होती. हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरचं सामायिक स्वयंपाकघर. मी टेबलापाशी लॅपटॉप उघडून बसले होते आणि सकाळपासून तीच ओळ वाचत होते. कंट्रोल इंजिनिअरिंग, तिसरा प्रयत्न, ४७. त्याखाली जर्मनमध्ये लिहिलं होतं: कायमचे अनुत्तीर्ण.

त्या शब्दांचा अर्थ मला पहिल्याच दिवशी जिनूदादांनी शिकवला होता. जर्मनीत शिक्षण राज्यांच्या ताब्यात आहे. सोळा राज्यं, प्रत्येकाचा कायदा वेगळा. पण एका विषयात तीनदा नापास झालं, की माणूस नुसत्या त्या कॉलेजातून जात नाही, त्या अभ्यासक्रमातूनच बाद होतो. मग देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन अर्ज केला तरी तो अभ्यासक्रम कुणी देत नाही. मी स्टेशनवर उतरले तेव्हा जिनूदादा घ्यायला आले होते. माझी मोठी बॅग त्यांनीच तीन जिने वर चढवली, आणि पिझ्झाच्या रिकाम्या खोक्यावर पेनानं मला सगळी व्यवस्था काढून दाखवली. एक घर युनिव्हर्सिटीचं, तिथं संशोधन, पीएचडी. दुसरं घर होखशूलचं, तिथं कारखान्यात कामाला येईल असं शिक्षण. “आपण ह्या दुसऱ्या घरात. मास्टर्सची डिग्री दोन्हीकडं सारखीच, कमीपणा मानायचा नाही,” ते म्हणाले होते. आणि खाली मोठा तीनचा आकडा काढून त्याभोवती गोल केला होता. “ह्याला तेवढं भ्यायचं.”

जिनेंद्र मगदूम, मूळचे शिरोळचे. आमच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे. ह्या जर्मन शहरात नवीन आलेल्या प्रत्येक मराठी मुलाला पहिली गादी, पहिलं सिमकार्ड, नगरपालिकेतली पहिली नोंदणी त्यांनीच मिळवून दिलेली. त्यांचा थीसिस चालू आहे असं आम्हाला माहीत होतं. थीसिस लांबतो, हेही आम्हाला माहीत होतं.

“पुढच्या गुरुवारी दोन ते तीन आहे, दादा. एक तास. खोली दोनशे चौदा. जाऊन नुसता बघून येते.”

निकालानंतर असा एक तास ठेवतात. आइनझिख्ट म्हणतात त्याला. आपला तपासलेला पेपर समोर घेऊन बसायचं, मार्क मोजायचे, पटलं नाही तर प्राध्यापकांना तिथल्या तिथे विचारायचं. हा विद्यार्थ्याचा हक्क आहे, परीक्षेच्या नियमावलीत छापलेला.

जिनूदादांनी गॅस बंद केला. “हक्क आहे म्हणून लिहिलेलं असतंय. वापरला की त्यांच्या डोक्यात बसतंय. कंट्रोलच्या हार्टविगला आपली पोरं आधीच खुपत्यात. त्यापेक्षा परीक्षा समितीला विनंतीचा अर्ज कर. आजारी होते म्हण. मी लिहून देतो. आणि पेपर बघायला गेलीस, तर त्याच समितीत हार्टविग बसलेला असतोय, हे ध्यानात ठेव.”

“दीपशिखानं केला होता अर्ज. काय झालं?”

त्यांनी कढईवर झाकण ठेवलं. दीपशिखा वाघमारे माझ्याच वर्गातली, लातूरची. आदल्या सत्रात ह्याच विषयात, तिसऱ्या प्रयत्नात, अठ्ठेचाळीस मार्कांवर बाद झाली होती. तिनंही पेपर बघितला नव्हता. अर्ज फेटाळला गेला आणि ती परत गेली.

घरी फोन केला. बाबा फलटणच्या एका कॉलेजात परीक्षा विभागात क्लार्क होते. उभ्या आयुष्यात त्यांनी फेरतपासणीचे हजारो फॉर्म गठ्ठ्यात बांधले होते. ते म्हणाले, “बाळा, मगदूम म्हणतात तसं कर. फॉर्म भरून कुणाचं भलं झालेलं मी बघितलं नाही. सरांच्या नजरेत कशाला यायचं?”

मी कुणावरही चिडले नाही. हे सगळ्यात आधी सांगायला हवं. अकरा दिवस मी खाली मान घालून फिरले. संपलं, असं मी मानलं होतं. राग नंतर आला.

गुरुवारी दुपारी मी विद्यार्थी परिषदेच्या खोलीत विनंती अर्जाचा नमुना आणायला गेले. तिथे उल्रिके बसायची. पस्तिशीची, आधी दहा वर्षं परिचारिका म्हणून काम करून मग शिकायला आलेली, आवाज भरदार. तिनं नमुना काढून दिला आणि विचारलं, “पेपरात काय चुकलं होतं?”

“माहीत नाही.”

“म्हणजे? बघितला नाहीस?”

“नाही.”

“कधी आहे बघायची वेळ?”

“आत्ता. दोन ते तीन.”

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दोन पस्तीस. “आणि तू इथं काय करतेस?”

मी तिला समजावायला लागले. आमच्याकडे सरांना असं विचारत नाहीत, प्राध्यापकांना राग येतो, बाकीच्या मुलांना त्रास होईल. ती ऐकत ऐकतच उठली, खोलीला कुलूप लावलं आणि माझ्या जॅकेटची बाही धरून मला जिन्याकडे न्यायला लागली.

“राग येतो तर येऊ दे,” ती म्हणाली. “त्याला त्या तासाचा पगार मिळतो.”

दोनशे चौदामध्ये सात-आठ मुलं आपापले पेपर चाळत होती. कुणी भांडत नव्हतं. हार्टविग खिडकीपाशी बसून कॉफी पीत होते. त्यांच्या सहायकानं माझं ओळखपत्र बघितलं आणि पेपर पुढे ठेवला. दहा मिनिटं उरली होती.

पहिला प्रश्न, दुसरा, तिसरा. जिथे मार्क कापले होते तिथे मी खरंच चुकले होते. चौथ्यात तर लाज वाटावी अशी चूक होती. पाचव्या प्रश्नावर पान संपत होतं आणि शेवटी माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: पुढे जादा पानावर. त्या प्रश्नाला चार मार्क दिले होते. मी पान उलटलं. जादा पान शेवटी टाचलेलं होतं. दोन्ही बाजूंनी भरलेलं. त्यावर लाल पेनाची एकही खूण नव्हती.

मी ते पान तीनदा उलटसुलट केलं. मग उल्रिकेकडे बघितलं. तिनं हनुवटीनंच हार्टविगकडे खूण केली.

मी पेपर घेऊन गेले. जर्मन शब्द आठवेनात, म्हणून त्या जादा पानावर नुसतं बोट ठेवलं. हार्टविगनी चष्मा लावला. दोन मिनिटं वाचलं. खिशातून पेन काढलं, दोन ठिकाणी बरोबरची खूण केली, एका ठिकाणी अर्धवट, आणि समासात आकडा लिहिला.

“आठ. एकूण पंचावन्न. तुम्ही उत्तीर्ण आहात.” मग मान वर करून म्हणाले, “हे पान आमच्याकडून राहिलं. माफ करा. ह्यासाठीच हा तास असतो.”

आणि हात पुढे केला.

मी तो हात हातात घेतला, आणि त्याच क्षणी पायापासून डोक्यापर्यंत संताप चढत गेला. एवढं सोपं? दोन मिनिटं? अकरा दिवस मी मेल्यासारखी जगले होते. बाबांनी आईला अजून सांगितलं नव्हतं. मी परतीच्या विमानाचे दिवस बघून ठेवले होते.

“आणि मी आले नसते तर?” मी विचारलं.

त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. “तर मला कळलं नसतं,” ते म्हणाले. त्यात ना माज होता, ना कळवळा. त्यांनी खरं ते सांगितलं होतं.

बाहेर आल्यावर उल्रिकेनं मला मिठी मारली.

“तुला जाऊ नको म्हणून सांगितलं कुणी?” तिनं विचारलं.

“मगदूम.”

ती थांबली. “मगदूम? पण तो तर आता इथं...” आणि तिनं जीभ चावली. “जाऊ दे. हे मी बोलायला नको होतं.”

“इथं काय?”

“त्यालाच विचार, ऋजुता.”

हॉस्टेलपर्यंतची वीस मिनिटांची वाट मी दहा मिनिटांत चालले असेन. जिनूदादा खोलीत होते. संध्याकाळच्या पाळीला निघायचं होतं म्हणून पिवळं चकचकीत जॅकेट घालत होते. एका गोदामात माल चढवायचं काम करायचे ते, शिकता शिकता, असं आम्ही समजत होतो.

“पास झाले,” मी दारातूनच म्हणाले. “एक अख्खं पान तपासायचं राहिलं होतं. पंचावन्न.”

त्यांच्या तोंडावर काय उमटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. आनंद नव्हता, एवढं नक्की.

“नशीब काढलंस,” ते म्हणाले.

“नशीब नाही. पान होतं ते. मी लिहिलेलं पान. तुमचं ऐकलं असतं तर ते पान तिथंच राहिलं असतं आणि मी फलटणला.”

“असं हजारात एकदा होतंय...”

“कार्ड दाखवा.”

“कसलं?”

“विद्यार्थी कार्ड. ट्रामला दाखवता ते. दाखव मला.”

तुम्ही म्हणता म्हणता मी तूवर आले होते, ते दोघांच्याही लक्षात आलं. त्यांनी जॅकेटची चेन अर्ध्यावर सोडली. मग पाकिटातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यावर आमच्या होखशूलचं नाव नव्हतं. तासाभराच्या अंतरावरच्या एका युनिव्हर्सिटीचं नाव होतं. विषय: प्राचीन इतिहास.

“तिथं प्रवेशाला अट नाही,” ते हळू आवाजात म्हणाले. “नाव घातलं की राहायचा परवाना मिळतोय. दीड वर्ष झालं.”

“आणि थीसिस?”

“कंट्रोलमध्येच गेलो की मी. तिसऱ्यांदा. तुझ्यासारखंच.”

“पेपर बघितला होतास?”

“नाही.”

“का?”

“खोलीपर्यंत गेलो होतो. आत हार्टविग बसलेला दिसला. पाय उचलला नाही. आता काय सांगू तुला?” त्यांचा आवाज चढला. “गावाकडं सगळ्यांना सांगितलेलं, पोरगं जर्मनीत इंजिनिअर होतंय. आणि मी तिथं जाऊन मार्कांची भीक मागू?”

“भीक? दोन मिनिटं लागली रे! वाचून दोन मिनिटांत आठ मार्क दिले त्यानं. तुझ्याही पेपरात असेल पान. नसेलही. पण तू बघितलं नाहीस, आणि म्हणून आम्हालाही बघू दिलं नाहीस. आम्ही तुला विचारायला यायचो. तुझ्याइतकं इथलं कुणाला कळत नाही म्हणून! आणि तू आम्हाला तुझ्या शेजारी बसवत होतास, एकेकाला. दीपशिखा अठ्ठेचाळीसवर गेली. अठ्ठेचाळीसवर! तिला तू...”

“तिला मी सांगितलं,” जिनूदादा म्हणाले. “मान्य आहे. पण ती माझं ऐकणार नव्हती. ती गेली होती त्या दिवशी दोनशे चौदाला. दारातनं परत आणली ती कुणी? मी तर कामावर होतो.”

मला वाटलं होतं त्यांना हे ठाऊक नसेल.

खरं होतं ते. सप्टेंबर महिना होता. दीपशिखा मला म्हणाली होती, सोबत चल, एकटीला कसंतरी वाटतं. आम्ही दाराशी उभ्या होतो. दार उघडं होतं, आतल्या टेबलावरचे पेपर दिसत होते. ती म्हणाली, “तो बघ माझा. दुसऱ्या रांगेत. माझं अक्षर लांबून ओळखू येतं.” मी तिचा दंड धरला आणि म्हणाले, “दादा म्हणतात ते बरोबर आहे गं. नको. चल, खाली कॉफी घेऊ.” ती माझ्याकडे बघत राहिली. मग आली.

मी जिनूदादांच्या खोलीचं दार आपटून बाहेर आले. त्यानंतर आम्ही बोललो नाही. महिन्याभरात त्यांनी खोली सोडली. पुढे दुसऱ्यांकडून कळलं, की परवाना वाढवून मिळाला नाही तेव्हा त्यांनी घरी स्वतःच सगळं सांगितलं, आणि मग दक्षिणेकडच्या एका गावात वायरमनच्या कामाचं तीन वर्षांचं प्रशिक्षण घेतलं. तिथे ते सुखात आहेत म्हणतात. असतील.

मी उल्रिकेला गाठलं. दीपशिखाचा पेपर अजून आहे का, विचारलं.

“दोन वर्षं ठेवतात. पण हरकत घ्यायची मुदत एक महिना होती, ती गेली.” ती जरा विचार करून म्हणाली, “मात्र तपासण्यातच चूक सापडली तर समितीला पुन्हा बघावं लागेल. मी बघायला लावीन. तिनं सहीचं पत्र पाठवलं, तर तिच्या वतीनं तू पेपर बघू शकतेस.”

लातूरला फोन लावला. दीपशिखा एका डिप्लोमा कॉलेजात शिकवायला लागली होती. मागे मुलांचा गोंगाट होता. मी तिला सगळं सांगितलं: माझं पान, हार्टविग, जिनूदादांचं कार्ड.

“पत्र पाठव,” मी म्हणाले. “मी बघते.”

“ऋजुता, एक विचारू? त्या दिवशी तू मला का परत आणलंस? दादा म्हणाले म्हणून?”

खोटं बोलायला जागा होती. दादा म्हणाले म्हणून, एवढं म्हटलं असतं तर तिनं ते मानलं असतं.

“नाही,” मी म्हणाले. “माझा कंट्रोलचा तिसरा प्रयत्न बाकी होता. हार्टविगकडेच. तू वाद घातलास तर इंडियन मुली भांडतात असं त्यांच्या डोक्यात बसेल, आणि पुढच्या वेळी ते माझ्यावर निघेल, असं वाटलं मला. मी माझ्यासाठी तुला आणलं.”

तिकडे घंटा झाली. “माझा तास आहे,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पत्र यायला सहा आठवडे लागले. पाकिटात सही केलेला एक कागद, बाकी काही नाही. मी आणि उल्रिके गेलो. सहायकानं कपाटातून पेपर काढून दिला. तेच गोल, टपोरं अक्षर. ह्या वेळी मला घाई नव्हती. मी प्रत्येक पान बघितलं, प्रत्येक खूण पडताळली, बेरीज चार वेळा केली. उल्रिकेनं वेगळी केली. जादा पान एकच होतं आणि ते तपासलेलं होतं. दोन ठिकाणी तर सढळ हातानं मार्क दिलेले होते.

अठ्ठेचाळीस.

मी जिन्यावर बसून तिला फोन केला. “दीपशिखा, बघितला. सगळं तपासलेलं आहे. अठ्ठेचाळीसच आहेत.”

“बेरीज?”

“बरोबर आहे.”

“एवढंच कळायला हवं होतं मला,” ती म्हणाली. “त्या दिवशी. मी इथं आल्यापासून सगळ्यांना सांगत सुटलेय, माझ्यावर अन्याय झाला म्हणून. आईनं तर नवस बोललाय त्या माणसाचं वाईट व्हावं म्हणून.” मग म्हणाली, “ठेवते.” तिचा आवाज त्यानंतर मी ऐकलेला नाही.

ह्याला आता बारा वर्षं झाली. मी पुढे डिग्री घेतली, नोकरीला लागले, इथलीच झाले. दरवर्षी नवी मुलं येतात, आणि पेपर बघायच्या तासाला मी त्यांना सोडायला जाते, दारापर्यंत नाही, आतल्या खुर्चीपर्यंत. लोकांना वाटतं ऋजुताताईंना हार्टविगचा राग आहे. त्यांचा नाही. जिनूदादांचाही कधीच उतरला. जो उतरत नाही तो वेगळा आहे. त्या दिवशी जिन्यावर दीपशिखानं फोन ठेवला, आणि ती खरोखरच नापास झाली होती हे मनात नीट उतरलं, तेव्हा मी भिंतीला डोकं टेकलं, लांब श्वास सोडला, आणि मला हायसं वाटलं.